अंगठा

वॉटरबरीत पितळेचे कारखाने होते तोवर
कुणाला सांगावं लागत नसे पितळ म्हणजे काय.
आता मी तळघरात बसून
जुन्या घड्याळांच्या किल्ल्या घासते
आणि फोटोखाली लिहिते:
अस्सल पितळ, हाताने केलेली,
कृपया आधी घड्याळाची खुंटी मोजून घ्या.
कुणी मोजत नाही.
पाच नंबरची मागवतात, सातची हवी असते.

किल्ली साडेअकरा डॉलरची.
मांडायचे पैसे बाजारवाला आधीच घेतो,
विकली की टक्का घेतो,
माझे पैसे माझ्यापर्यंत पोचवायचा टक्का वेगळा,
मी न मागितलेल्या जाहिरातीचा आणखी एक,
म्हणे गिऱ्हाईक तिथूनच आलं.
टपालखर्चावरसुद्धा टक्का.
टपाल काय मी कातते लेथवर?
पाकीट, चिकटपट्टी, पितळेची कांब वजा जाता
रात्री वहीत उरतात एक डॉलर नव्वद.
एखादी किल्ली परत आली की पदरमोड.

मार्चमध्ये विक्री थांबली.
घड्याळ थांबतं तशी,
थांबल्याचं नंतर लक्षात येतं.

पुतण्या रिमासनं फोनवर शोधून दाखवलं.
तशीच किल्ली, एक डॉलर एकोणपन्नास,
समुद्रापलीकडून, टपाल फुकट.
बारा दुकानं, बारा नावं,
आणि बाराही ठिकाणी एकच फोटो.

माझा.
म्हणजे वीटसचा अंगठा.

आकार कळावा म्हणून त्यानं किल्ली चिमटीत धरली होती
स्वयंपाकघराच्या खिडकीशी,
आणि मी तीनदा ओरडले होते, हलू नकोस.
प्रेसखाली चेचलेलं नख, मधोमध काळी रेघ,
कडेला किसलेल्या बटाट्याचा वाळलेला चीक,
कारण रविवार होता आणि कुगेलिस तोच करायचा.
त्याला जाऊन दोन वर्षं झाली.
अंगठा अजून धंद्यात आहे.

बाजार अंगठा दाखवतो, हे ऐकून होते.
माझ्याच घरातला दाखवेल असं वाटलं नव्हतं.

एक मागवून बघितली.
एकोणिसाव्या दिवशी आली, राखाडी पिशवीत,
हातात घेतली तर वजनच नाही.
कानशीचा एक हात मारला,
पिवळ्याखाली पांढरं निघालं.
सोबत बोटभर चिठ्ठी: तपासनीस चौदा,
आणि निळ्या पेनानं केलेली खूण,
घाईघाईची, शेपटी लांब गेलेली.
मला चांगलं रागवायचं होतं. संध्याकाळ काढून ठेवली होती.
पण त्या खुणेकडे बघत बसले.
चौदा नंबरला एका किल्लीमागे काय सुटत असेल
याचा हिशेब माझ्या वहीत मांडता येईना.

मग भिंतीवरच्या घड्याळाला तीच लावली.
बसली, खोटं कशाला बोलू.
अकरा पीळ दिले,
बाराव्याला तिच्या भोकाचे कोपरे गोल झाले.

रिमास म्हणाला, तक्रार कर,
दोन दिवसांत सगळीकडून फोटो उतरवतात.
सगळीकडून.
माझ्या दुकानात आठवड्यात नऊ जण डोकावले,
त्यातली चारदा मीच.
तिकडे चार हजार लोकांनी बघितलाय,
कुठल्या कुठल्या शहरांत, रात्री झोप येत नसताना,
ती काळी रेघ, तो चीक.
त्यांना किल्ली दिसते, हे मला कळतं.

तरी अर्ज उघडला.
फोटोत काय आहे ते लिहा.
लिहिलं, किल्ली. खोडलं.
लिहिलं, नवरा.
खाली लाल अक्षरं उमटली:
माहिती अपुरी, किमान वीस अक्षरं हवीत.

रिमास जेवायला थांबला नाही.
वर घड्याळ चालू आहे
त्या दीड डॉलरच्या अकरा पिळांवर.
गुरुवारपर्यंत चालेल,
मग माझी लावावी लागेल.